फळीवरचा मासा

यमुताईंच्या सोवळ्याला सगळी गल्ली वचकून असे. नागपूरच्या धरमपेठेतल्या दोन खोल्या, मागे वीतभर अंगण, अंगणात नळ आणि एक पेरूचं झाड, एवढाच त्यांचा पसारा. पण त्यातल्या स्वयंपाकघरात साक्षात इंद्र आला असता तरी बाईंनी त्याला आधी पाय धुवायला पिटाळलं असतं. नवरा दत्तोपंत सरकारी कचेरीत कारकुनी करता करता ऐन चाळिशीत गेला. एकुलत्या एका कृष्णकांतला बाईंनी लोकांकडे पुरणपोळ्या लाटून, शेवया वळून वाढवला. अशा बाईजवळ स्वतःचं म्हणावं असं फार काही उरत नाही. यमुताईंजवळ सोवळं उरलं होतं आणि ते त्यांनी जिवापाड जपलं. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

कृष्णकांत गावातल्याच सदर भागातल्या एका ऑफिसात चिकटला आणि त्याने लग्न ठरवलं ते शामलाशी. तिचे वडील पोस्टात, वेंगुर्ल्याकडून बदली होऊन नागपूरला आलेले. सारस्वत, म्हणजे मासे खाणारे. यमुताईंना मुलगी आवडली. त्यांनी एकच अट घातली.

"या घरात तो प्रकार चालायचा नाही, पोरी."

"नाही चालणार, आई," शामला म्हणाली आणि तिने शब्द पाळला. माशाशिवाय जिला लहानपणी घास उतरत नसे, ती माहेरी गेली तरी वरणभातच जेवून येई. सासूला यातलं काही सांगायला ती कधी गेली नाही. यमुताईंना मात्र माहीत होतं, कारण शामलाच्या आईने एकदा बोलता बोलता डोळे पुसले होते.

सहासष्ट सालच्या थंडीत शामलाला खोकला लागला आणि तो क्षय निघाला. डॉक्टर धीर देणारे होते. आता या रोगाने माणसं मरत नाहीत, म्हणाले; सुया घ्यायच्या आणि रोज एक कडू पूड घ्यायची. पण ती पूड पोटाला फार जड. पोटात नीट अन्न नसेल तर ती उलटून पडायची आणि मग औषध घेतलं काय, न घेतलं काय, सारखंच. आणि नेमकं अन्नच शामलाला जात नव्हतं. वरणभात पाहिला की तिला ढवळून येई. दूध नको, शिरा नको, काहीच नको.

"काय खावंसं वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं. शामलाने सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी माहेर कुठलं ते विचारून घेतलं आणि म्हणाले, "मग मासे द्या. त्याच्यासारखं दुसरं काही नाही."

घरी आल्यावर प्रश्न पडला, शिजवणार कोण? कृष्णकांतला बाजारातून जाताना नुसता वास आला तरी मळमळे, त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता. शामलाच्या वडिलांची तोवर पुन्हा कोकणात बदली झालेली, आणि बाहेरून शिजवून आणावं तर क्षयाच्या घरी कोण देणार? यमुताईंनी ते दोन दिवस देवघरासमोर बसून काढले. सगळा जन्म ज्याच्या आधाराने काढला तेच हातचं सोडायचं. शेवटी उठल्या आणि मुलाला म्हणाल्या, "मी करते. पण घरातलं भांडं देणार नाही. तवा नाही, ताटली नाही, पळी नाही, काही नाही."

"मग करणार कशात?"

हा प्रश्न पंचफुलाने सोडवला. ही ढिवरीण मूळची पारशिवनीकडची, पेंचेच्या पाण्यात जाळी टाकणाऱ्या घरातली. लग्न होऊन फुटाळा तलावापाशी आलेली. टोपली घेऊन ती गल्लीच्या तोंडावरून पुढे जाई, आत कधी वळत नसे. यमुताईंनी तिला हाक मारली तेव्हा ती आधी मागे वळून पाहू लागली, आपल्यालाच बोलावतात की काय म्हणून.

"भांडं नाही म्हनता त काय झालं, बाई? आमचा बुढा नदीवर भांडं नेत होता काय? लाकडाची फळी पान्यात भिजू द्या, इंगळावर ठेवा, वरून पळसाची पानं झाका. खालून फळी जळते, वर मासा भाजते. अन् बिमार मानसाले मरळ द्या. काटे कमी राह्यते. साफ करून मी आनून देतो."

फळ्यांना नागपुरात तोटा नाही. संत्र्याच्या रिकाम्या पेट्या फळवाल्यांकडे ढिगाने पडलेल्या असतात, त्यांच्या दोन्ही टोकांना जाड फळी असते. कृष्णकांत त्या काढून आणू लागला. दर खेपेला नवी फळी, आणि जेवण झालं की ती फळी, काटे, पानं, सगळं त्याच विस्तवात घालायचं. म्हणजे घरात काही शिल्लक राहिलं नाही, काही विटाळलं नाही. यमुताईंनी हा कायदा स्वतःच केला आणि मनाचं समाधान करून घेतलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मागच्या अंगणात विस्तव केला, नाकाला पदर बांधला, पदरात कापूर घातला. शामला दाराशी खाटेवर उन्हात बसलेली. तिथून ती सांगे आणि सासू करी. माशाला आडव्या चिरा द्या. हळद, मीठ, लिंबू चोळा. नाही आई, उलटायचा नाही, फळीवरचा मासा एकाच अंगावर होतो. पानं मात्र उचलून पाहू नका सारखी. मुलांना गणित शिकवावं तसं तिने सासूला शिकवलं. फळीच्या कडा काळ्या पडल्या, पानं कोमेजून चिकटली, पाणी शिंपडलं की धूर निघे. यमुताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते सगळंच धुराचं नव्हतं.

मग शामलाने फळी मांडीशी घेतली आणि बोटांनी मासा खाल्ला. एवढ्या आजारात ज्या पोरीने चमचाभर पेज गिळली नव्हती, तिने फळीवर काट्याखेरीज काही ठेवलं नाही. वर पूड घेतली आणि पूड पोटात राहिली. यमुताई थंड पाण्याने डोक्यावरून न्हाल्या, ओलेत्याने देवापुढे जाऊन उभ्या राहिल्या, पण काय म्हणावं ते त्यांना सुचेना.

पुढे त्याची सवय झाली. पंचफुला दिवसाआड यायची. कापूर सुटला, मग पदरही सुटला. सासू-सून धुरापाशी बसून बोलत. इतक्या वर्षांत बोलल्या नव्हत्या एवढं बोलत. शामलाचे गाल भरू लागले. वैशाखात ती स्वतःच्या पायांनी नळापर्यंत गेली तेव्हा यमुताईंनी तिची दृष्ट काढली. त्या बाईला आयुष्यात इतका आनंद बहुधा पहिल्यांदाच झाला असेल.

पण गल्लीला हे बघवलं नाही. शेजारच्या अंजनाबाई, ज्यांच्याकडे दर गुरुवारी पोथी असे, एके दिवशी भिंतीवरून म्हणाल्या, "यमुताई, कुणाच्या घरून वास येऊन राहिला म्हणून आम्ही सगळीकडे शोधलं. तुमचं नाव मनातसुद्धा आलं नाही हो!" नंतर पोथीचं बोलावणं येईनासं झालं. यमुताईंनी तेही सोसलं असतं. पण ज्येष्ठात शामलाला पुन्हा बारीक ताप येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, असं होतं मधूनमधून, काळजी नको. यमुताईंच्या मनाने मात्र वेगळंच घेतलं. औषध शरीराला लागू पडत होतं, पण देव? आपण त्याच्या उंबऱ्याशी काय करून राहिलो? उद्या त्याने या पोरीवर डूख धरला तर?

आषाढी एकादशीला चातुर्मास लागला आणि यमुताईंनी शामलाच्या नावाने शंकराला बेलाची लाखोली बोलली. कार्तिकीपर्यंत लाख पानं वाहायची, एकवेळ जेवायचं, कडक सोवळ्यात राहायचं. अर्थात घरात मासा येणार नव्हता.

"आणि शामलाचं खाणं?" कृष्णकांतने विचारलं.

"चार महिने तर आहेत. तिच्यासाठीच करून राहिले ना मी? देव बघेल."

कृष्णकांतला खरं म्हणजे सुटल्यासारखंच झालं. तो पुढे बोलला नाही. पंचफुलाला दारातूनच परत पाठवलं. ती म्हणाली, "बरं बाई, तुमचा धरम." आणि शामलाने तर सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. आपल्यासाठी कुणी उपाशी राहून लाख पानं वाहतं आहे, याचं तिला एवढं वाटलं की बिचारीने त्या दिवशी वरणभात खाल्लासुद्धा.

यमुताई पहाटे उठून पानं निवडत. किडकं नको, फाटकं नको, तीन दळं शाबूत हवीत. एकेक पान वाहताना शामलाचं नाव घेत. इतक्या मनापासून त्यांनी दुसरं काही केलं नसेल. आणि तिकडे शामला नळाच्या मोरीपाशी जाऊन पूड ओकत होती. आवाज होऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबायची आणि वर राख टाकायची. सांगायचं तरी काय? मला मासे हवेत, तुमचा नेम मोडा, असं? नेम तिच्याच जिवासाठी होता. ती विचारलं की "घेतलं औषध" म्हणे, आणि ते खोटंही नव्हतं.

भाद्रपद संपेस्तोवर तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या. डॉक्टर घरी आले. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"खाणं काय चालू आहे?"

"वरणभात, साजूक तूप," यमुताई म्हणाल्या. "आणि हिच्या नावाने लाखोली चालू आहे."

"मासे?"

"चातुर्मासात बंद आहेत."

डॉक्टरांनी शामलाकडे वळून विचारलं, "पूड पोटात राहते का?" शामलाने सासूकडे पाहिलं. "राहते," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "आईंना काही बोलू नका, डॉक्टर. मीच सांगितलं नाही."

यमुताई तशाच उठल्या. वाहून झालेली पानं देवापुढे, उरलेली टोपलीत, अंगावर सोवळ्याचं लुगडं. अनवाणी त्या भर दुपारी फुटाळ्याकडे निघाल्या. अंजनाबाई ओट्यावरून बघत राहिल्या. पंचफुलाच्या झोपडीपुढे जाऊन त्यांनी हाक मारली.

"काहून वं बाई, तुमी इथं?" पंचफुला धावत आली. "सुनेले बरं हाय ना?"

"मासा दे," यमुताई म्हणाल्या. "असेल तो दे."

त्यांनी तो स्वतः पदरात धरून आणला. संध्याकाळच्या उन्हात अंगणात फळी ठेवली. शामलाला काही विचारावं लागलं नाही, चिरा, मीठ, पानं, सगळं हातांना पाठ झालं होतं. भाजलेला मासा घेऊन त्या खाटेशी बसल्या, काटे काढून घास तिच्या तोंडात दिला. शामलाने तो बराच वेळ चघळला. मग हळूच तळहातावर काढून ठेवला.

"छान झालाय, आई. पण गिळवत नाही हो."

यमुताईंनी दुसऱ्या दिवशी केला, तिसऱ्या दिवशी केला. पुढे नुसता रस काढून पाहिला. आता शामलाला पाणीही जड जात होतं. दसऱ्यानंतर ती गेली.

लोक भेटायला आले आणि जे बोलायचं तेच बोलले. एवढा मोठा नेम, निम्म्याहून जास्त झालेला, आणि माशाने मोडला. देव कसा सोडील? अंजनाबाईंनी तर डोळ्यांना पदर लावून सांगितलं की थोडं थांबायला हवं होतं. मी तिला माझ्या हाताने उपाशी ठेवली, हे यमुताईंना दिवसरात्र दिसत होतं. लोकांच्या बोलण्याने त्यात काही कमी होत नव्हतं आणि वाढतही नव्हतं. घरात मुलगा आहे, त्याला तरी खरं काय ते कळतं, एवढ्यावर त्या उभ्या होत्या.

पुढच्या आषाढात, एकादशीच्या सकाळी, कृष्णकांत बेलाची पानं घेऊन आला. धुतलेली, निवडलेली. देवापुढे ठेवून म्हणाला, "आई, राहिलेली लाखोली पुरी कर. तिच्या जिवाला शांती मिळेल. मी तुला इतके महिने एका शब्दाने बोललो नाही. पण तू त्या दिवशी तो मासा आणायला नको होता."

यमुताईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"नेम मोडला म्हणून नाही रे गेली ती," त्या म्हणाल्या. "पाळला म्हणून गेली. मोरीवरची राख तू पण पाहत होतास."

कृष्णकांतचा चेहरा पांढरा पडला. मग तो पाट ओढून देवापुढे बसला आणि आईकडे पाठ करून पहिलं पान वाहिलं.