सातव्या भोकाची जागा

अप्पाराव माती दातांनी तपासत. चिमूटभर ओली माती पुढच्या दातांत धरायची. किरकिरली तर वाळू आहे, लोण्यासारखी पसरली तर चिकणमाती. धरणाच्या नियोजित जागी गिरमिटाने भोकं पाडून खालची जमीन पाहण्याचं काम त्यांनी तीस वर्षं केलं, आणि त्यांच्या दातांचा निर्णय प्रयोगशाळेने क्वचितच फिरवला.

कुंभकोणच्या मेलकावेरी भागात त्यांचं घर होतं. पूर्वज तंजावरच्या दरबारात कारकून. घरात जुनं मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. बांधकाम खात्यात त्यांची ख्याती वेगळ्याच कारणाने होती: अप्पारावांच्या कामावर गावाशी कधी तंटा झाला नाही. भोकाच्या जागी देवस्थान आलं, की ते गिरमिट थोडं बाजूला सरकवत. नकाशावर मात्र भोक मूळ जागीच दाखवत, म्हणजे रेघ सरळ राही आणि वरून प्रश्न येत नसत.

१९५७ च्या उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या एका ओढ्यावर मातीचं धरण घालायचं ठरलं. आखणीवर सातवं भोक नेमकं अय्यनारच्या अंगणात आलं. ग्रामरक्षक देव, समोर मातीचे मोठे घोडे. ते घडवणारा कुंभारच पुजारी होता. अप्पारावांनी भोक चाळीस फूट सरकवलं. आठ फुटांवर घट्ट पिवळी चिकणमाती लागली. पुजारी खूश झाला.

"घोडे भारी आहेत हो तुमचे," अप्पाराव म्हणाले.

"घोडे इथले, सार," पुजारी 'सर'च्या तमिळ उच्चारात म्हणाला. "माती पाच मैलांवरची. इथल्या मातीचा घोडा भट्टीत उभाच राहत नाही."

अप्पाराव हसले आणि विसरले.

नवरात्रात अप्पारावांच्या पत्नी अंबुजाबाई कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीच्या, पायऱ्यांवर बाहुल्या मांडत होत्या. नव्या बाहुलीचा हात गळून पडला.

"पाहिलेंत? मेल्या कुंभारानें मातींत वाळू घातली!"

अप्पारावांनी तुटका हात उचलला आणि कडेचा कण दातांत धरला. किरकिरला.

"अहो, बाहुली कशास खातां?"

त्यांना पुजाऱ्याचे शब्द आठवले: इथल्या मातीचा घोडा भट्टीत उभा राहत नाही, म्हणजे देवाच्या अंगणाखाली वाळू असणार. सातव्या भोकाखाली आठ फुटांवर चिकणमाती आहे, हे धरून धरणाच्या पोटातला खंदक आखला होता. तो चिकणमातीने भरून खालच्या चिकणमातीला टेकवायचा, म्हणजे पाणी धरणाखालून जात नाही. टेकायला खाली वाळू असली, तर पाणी तिला थोडी थोडी घेऊन जातं. धरण आतून पोखरतं आणि एके दिवशी बसतं. ओढ्याच्या खालच्या अंगाला चार गावं होती. अहवालावर सही अप्पारावांची होती.

दसरा झाल्यावर ते इंजिनीयर सुंदरेश यांच्यापुढे उभे राहिले.

"चाळीस फूट?" सुंदरेश म्हणाले. "देवाला प्रदक्षिणा घालून भोक पाडलंत की काय, अप्पाराव?"

"देवाच्या अंगणात गिरमिट बरं दिसलं नाही, सार."

"आणि नकाशात?"

"रेघ सरळ ठेवली."

सुंदरेशांनी नकाशा गुंडाळला. मग म्हणाले, "परवा निघू. परवानगी तुम्हीच मागायची."

पुजाऱ्याने ऐकून घेतलं. "उन्हाळ्यात तुम्हीच वाचवलंत, आता तुम्हीच खणता," एवढंच बोलून त्याने दोन घोडे बाजूला घेतले आणि पाठ फिरवून बसला.

आठ फुटांवर चिकणमाती नव्हती. बारावर नव्हती. एकोणीस फुटांपर्यंत गिरमिट जाड वाळूच वर आणत राहिलं. केव्हातरी ओढा इथून वाहत असावा. भोकात बादलीभर पाणी ओतलं. सरकवलेल्या भोकात तेवढंच पाणी अर्धा दिवस टिकलं होतं. इथे मजूर मणीची विडी पेटेपर्यंत नाहीसं झालं. अप्पारावांनी वाळू दातांत धरली नाही. गरज नव्हती.

परतताना जीपमध्ये सुंदरेश मोकळे बोलत होते. "बांधण्याआधी कळलं, हे नशीब. खंदक तिथे खोल नेऊ. तुमच्यावर ठपका येईल, तो मी सौम्य लिहीन. झालं ते झालं."

"झालं नाही, सार."

"म्हणजे?"

"अशी भोकं आणखी दोन आहेत. एक नागाच्या दगडांपाशी, एक समाधीपाशी. दोन वेगळ्या धरणांवर."

सुंदरेशांनी जीप थांबवायला लावली. "ती धरणं तर बांधून झालीत."

"एकाला सहा वर्षं झाली, एकाला चार."

"इतकी वर्षं उभी आहेत ना?"

"वाळू एका वर्षात जात नाही, सार."

बाहेर ऐप्पशी महिन्याचा, तमिळ मुलखातला दिवाळीच्या सुमाराचा पाऊस लागला होता. सुंदरेशांनी पावसाकडे पाहिलं.

"पाणी कितपत आलंय तिथे?"

"नागाच्या दगडांकडचं धरण गेल्या आठवड्यात भरलं. पेपरात आलंय."

सुंदरेशांनी अहवालाची एक प्रत काढली, पालथी करून अप्पारावांच्या मांडीवर ठेवली आणि खिशातली पेन्सिल दिली. अप्पारावांनी आधी नागाच्या दगडांकडच्या धरणाची सरळ रेघ ओढली. मग रेघेवर, भोक जिथे पाडायला हवं होतं आणि पाडलं नव्हतं तिथे, एक फुली मारली.