गावानं फुकट पाहिलेला सिनेमा

माझा थोरला भाऊ हिंगोली डेपोत कंडक्टर होता. इतका कडक, की एकदा त्यानं आमच्या वडिलांनाही तिकीट काढायला लावलं. वडील आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. अशा माणसानं आणीबाणीच्या आगेमागे नोकरी सोडून कोल्हापूर गाठलं, कारण एका मराठी सिनेमात त्याला नायकाच्या मित्राचं काम मिळालं होतं. घरात रडारड झाली. मी मात्र त्याच्या बाजूनं भांडलो.

तेव्हा सरकारनं एक योजना काढली होती. मराठी सिनेमाच्या तिकिटांवर जमलेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळायचा. अट एवढीच, की तो पैसा त्यानं पुढच्या मराठी सिनेमात घालायचा. निर्मात्यानं दादाला शब्द दिला होता, कर परत आला की दुसरा सिनेमा आणि त्यात मोठं काम. दादाची सगळी भिस्त त्या करावर. हे त्यानं मला पत्रात सविस्तर लिहिलं होतं. मी शाळामास्तर, पत्र दोनदा वाचलं आणि डोक्यात काडीचंही शिरलं नाही.

सिनेमा आमच्या आखाडा बाळापूरला आला. फिरत्या टॉकीजचा तंबू आमच्याच रानात लागला. मी तंबूवाल्याला ऐटीत सांगितलं, "माझ्या दादाचा सिनेमा हाय. रानाचं भाडं देऊ नका, पण माझ्या गावाला तिकीट मागायचं न्हाई."

"बराबर हाय गुरुजी," तो म्हणाला. त्याचं काय जात होतं? आसपासच्या खेड्यांतली माणसं तिकीट काढतीलच असा त्याचा हिशेब, वर भाडंही वाचलं आणि फुकट्यांवरचा करही.

तीन दिवस मी दारात उभा राहून एकेकाला आत सोडत होतो. बायका लेकरं घेऊन आल्या. पडद्यावर दादा दिसला की लोक शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घ्यायचे. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडला.

काही महिन्यांनी दादा ट्रंक घेऊन परत आला. कर फारसा जमलाच नव्हता. दुसरा सिनेमा रद्द. एकट्या बाळापूरनं तो बुडाला नसणार, हे मलाही कळतं. पण निर्मात्यानं त्याला गावोगावच्या तिकिटांचा कागद दाखवला होता.

जेवताना त्यानं विचारलं, "बाळापूरचा आकडा पाहिला मी. बोटावर मोजण्याइतकी माणसं. काहून रं, आपलं गाव आलंच न्हाई काय?"

ज्यानं बापाला सोडलं नाही, तो मला सोडणार होता का? मी भ्यालो आणि त्याच्या ताटात भाकरी वाढून विषय बदलला. आजही त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. लोक थांबून थांबून सांगत होते, "पाहिला बरं का सिनेमा, लई भारी काम केलं तुमी." दादा प्रत्येकाला हात जोडत होता.

घराकडं वळल्यावर म्हणाला, "माझं मन राखायला किती खोटं बोलून राहिलेत रं बिचारे."