खालची खोली

कुंदाताईला कुणी उचललेलं चालायचं नाही. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले आणि मग घरचे, शेजारचे, लग्नातले पाहुणे, ज्याला वाटेल तो तिला उचलायचा. चाकाची खुर्ची मिळाली त्या दिवशी तिने हे बंद केलं. "उचलनाऱ्याचा हात कुठं लागतो ते त्याला नाय कलत, मला कलतं," असं ती चारचौघांत म्हणायची. पुढे आलेले हात मुकाट्याने मागे जायचे.

ती कामोठ्याच्या जुन्या गावठाणात राहायची. भोवती उठणाऱ्या इमारतींमधून प्लायचे उरलेले तुकडे आणायची आणि त्यांवर चित्रं काढायची. पायऱ्या, गुडघे, भाजीच्या पिशव्या धरलेले हात, रिक्षाखाली झोपलेलं कुत्रं. तिच्या चित्रांत माणसांना चेहरे क्वचितच असायचे. मी कारण विचारलं तर म्हणाली, "तुमी चेहरे खाली आनता कुठं?"

आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे आले. माझी भाषा त्यातूनच घडली. तिच्या मागणीसाठी मी पहिलं पत्रक लिहिलं, त्यात समता होती, संघर्ष होता, व्यवस्थेचा धिक्कार होता. तिने ते शांतपणे वाचलं. "छान हाय. पन पायरी कुठाय यात? पायरी लिही ना बाय."

मागणी साधी होती. पनवेलच्या ज्या सभागृहात चित्रप्रदर्शनं भरतात, ते पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. तळमजल्यावर एक चांगली मोठी खोली आहे, तिच्यात सभागृहाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या रचलेल्या असतात. ती खोली प्रदर्शनाला द्या, एवढंच कुंदाताई मागत होती. तिला आपली चित्रं भिंतीवर लागलेली बघायची होती, स्वतः आत जाऊन.

सभागृह चालवणाऱ्या संस्थेच्या सेक्रेटरींनी आधी दाराशी उतार बांधून दिला. मग म्हणाले, "आता वर न्यायला चार पोरं देतो, ताई. फुलासारखं नेतील."

"फूल नेतात न् मागून टाकतात," ती म्हणाली. "तुमच्या खुर्च्यांना खोली हाय, माझ्या खुर्चीला नाय?"

"अहो, पण खुर्च्या ठेवायच्या कुठे?"

तिने वर बोट दाखवलं. "त्यांना उचललेलं चालतं."

सेक्रेटरी हसले. खोली मिळाली नाही.

शेवटी तिने गाड्या लावतात त्या जागेत, कंपाउंडच्या भिंतीवर प्रदर्शन भरवलं. चित्रं तिच्या नजरेच्या उंचीवर लावली. सेक्रेटरी कमरेवर हात ठेवून पुटपुटले, "ताई, जरा वर लावायची ना."

"वाका की दादा. मी जल्मभर मान वर करूनच बघतंय ना?"

ते वाकले. लोकही वाकत होते. तिचा हसरा चेहरा मी तेव्हा शेवटचा पाहिला.

साध्या तापाचं निमित्त झालं. घरातून नेताना तिला चौघांनी उचललं. ती काही बोलली नाही. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. तिरडीची एक गाठ सैल वाटत होती, त्या गाठीकडेच बघत मी चालत राहिले.

शोकसभा संस्थेनेच ठेवली, वरच्या सभागृहात. मी पोहोचले तेव्हा दोन पोरं तिचा फोटो घेऊन जिना चढायला निघाली होती. मी म्हटलं, "थांबा." तेवढ्यात तळमजल्यावरच्या खोलीचं दार उघडं दिसलं. सभेसाठी सगळ्या खुर्च्या वर गेल्या होत्या. खोली रिकामी होती.

फोटो मी आत नेला आणि भिंतीला खालच्या अंगाला एक खिळा होता, त्याला अडकवला. सभा वर झाली. भाषणांचा आवाज खाली येत होता, शब्द कळत नव्हते. मग एकेक जण फुलं घेऊन खाली आला आणि फोटोसमोर वाकला. सेक्रेटरी हार घालायला वाकले ते बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं, काही म्हणतील.

ते उठले, पोरांना म्हणाले, "फोटो घरच्यांकडे द्या आणि खुर्च्या आणून ठेवा रे."

खुर्च्या खाली आल्या. मी घरी येऊन पत्रक लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं: पायरी सहा इंच उंच आहे.