नाव न सांगायचं औषध

गोव्याच्या सीमेवरच्या आमच्या आरोंद्यात परशुरामकाकांचा काढा प्यायला नाही असा माणूस सापडणं कठीण. ताप असो नाहीतर पोट बिघडलेलं असो, काका पेला हातात ठेवायचे. फक्त त्यातल्या पाल्याचं नाव विचारायचं नाही. औषध देणाऱ्याने नाव उच्चारलं की गुण जातो, असं वडिलांनी त्यांना बजावलं होतं. काढा इतका कडू की ते किराईत आहे हे पहिल्या घोटालाच कळायचं, पण बोलायचं कोणी नाही. त्यांच्या पत्नी सुभद्राकाकू ते स्वतः अंगणात वाळत घालायच्या, आणि त्याही 'तो पालो' एवढंच म्हणायच्या.

काकांची भाची आकांक्षा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आहे. गणपतीला आली तेव्हा मामाचा मान राखून तिने सांगितलं, की 'त्या पाल्या'तलं एक द्रव्य काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी मारतं. पण ते पाण्यात धड विरघळत नाही, पोटात घेतलं तर फारसं अंगी लागत नाही. म्हणून ती ते नॅनोकणांत भरून बघते. हे कण इतके बारीक, की पेशीच्या आत शिरतात. अजून उंदरांवरही प्रयोग व्हायचेत, माणूस तर लांबच, हेही तिने बजावलं. काकांनी बशीपर्यंतच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं औषध गावच्या तिठ्यावरच्या गप्पांत कॅन्सर बरा करू लागलं.

दिवाळीनंतर काकूंच्या छातीत गाठ निघाली. गोव्याच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, पण वेळेत आलात, ऑपरेशन करून टाका म्हणाले, तारीखही दिली. काकूंनी घरी येऊन काढ्याचं पातेलं चुलीवर चढवलं. आकांक्षाने फोनवरून विनवलं, काकाही ऑपरेशनला चल म्हणून रागावले. काकू हलेनात.

"तुमीच सगळ्या गावाक सांगलात, ह्या औषधान कॅन्सर मरता. मगे माकाच ऑपरेशन कशाक?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी शेजारधर्माने डोकावलो, तर काका काकूंजवळ चुलीपाशी बसले होते. इतकी वर्षं मी त्यांची थट्टा केली, पण त्या दिवशी मी उंबऱ्यातच थांबलो.

"किराईत आसा ता," ते काकूंना म्हणाले. "नुसता किराईत. आता माझ्या तोंडान नाव सांगलंय, गुण गेलो. ऊठ गो."

गुण जातो यावर त्यांचा खराखुरा विश्वास होता, आणि काकूंचाही. काकूंनी पातेलं उचलून काढा परसात ओतला आणि पिशवीत साड्या भरायला घेतल्या.