गणूबाबाने टाकलेली फळी

मॅमथ पुन्हा जिवंत करून आणला, तर त्याला ठेवणार कुठे हो? तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये?

शास्त्रज्ञ त्या केसाळ हत्तीच्या मागे लागलेत, ही बातमी मी गव्हाणच्या गणूबाबाला सांगितली. मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस, पण वाचतो ते गावभर ऐकवतो. बाबा हसला. "येवरी लोकर घेऊन आपल्या उकाड्यात येनार? पैला न्हावी शोधा त्याला."

"थंडगार खोलीत ठेवतील, बाबा."

"मंग मेलेलाच बरा होता की!"

गणूबाबाचं आयुष्य खाडीच्या बांधावर गेलं. बांधात पाण्यासाठी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीआधी त्यात लाकडी फळ्या टाकायच्या, म्हणजे खारं पाणी भातात शिरत नाही. हे काम बापाकडून त्याच्याकडे आलं. फळ्या टाकल्याशिवाय गाव सोडायचं नाही, हा घरचा नेम. मग हळद असो की मयत.

पुढे शेतं भरावाखाली गेली. बांधाच्या आत चिखलाचा एक तुकडा उरला, आणि त्यातल्या निवट्या संपल्या. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारत फिरणारा मासा. बाबा बिळात हात घालून त्या पकडतच मोठा झालेला.

"तुमचा हत्ती ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आपली निवटी तरी परत आनू."

पलीकडच्या खाडीतून टोपलीभर जिवंत निवट्या आणल्या. फळ्या काढल्या, भरती आत घेतली. निवट्यांनी बिळं केली. बाबा रोज बांधावर जाऊन बसायचा. त्याची बायको वेणूआजी मला म्हणाली, "सासरची पोर म्हायेरी आल्यागत बगत बसतो. माज्याकडं कदी येवरा बगितला नाय!"

मे महिन्यात सुकापूरला लेकीच्या घरी हळद होती. दोघं गेली, लग्न उरकूनच परतली. मी बाबाबरोबर बांधावर पोहोचलो तेव्हा चिखल तडकला होता. बिळांच्या तोंडाशी निवट्या वाळून पडल्या होत्या. आणि दारात फळ्या घट्ट बसलेल्या.

माझं डोकंच फिरलं. "शेत कुठंय, बाबा? कुणाचं भात वाचवलंत?"

तो खाली बसला. "मीच टाकली. नवं कापड घालून, रिक्षा उभी करून टाकली. ध्यानातच आलं नाय. हात आपसूक गेलं रं."

आवाज चढवल्याची मला लाज वाटली. तो एकेक निवटी उचलून टोपलीत ठेवत होता. वेणूआजी जेवायला बोलवायला आली, तर म्हणाला, "मी आनली नसती तर तिकडं जगली असती."

जगाच्या पाठीवरून नाहीसं झालेलं जनावर कदाचित आणतीलही. पण त्याच्या जागेवर आपले हात सवयीने काय करून बसतील, याची खात्री कोण देणार? मी तरी देत नाही.

पुन्हा टोपली आणू, असं मी बाबाला म्हटलं. त्याने मान हलवली. "नको. मी हाय तवर त्या मरतील."

फळ्या अजून तशाच आहेत. बाबा तिकडे फिरकत नाही, आणि माझ्या एकट्याच्याने त्या निघत नाहीत. येत्या अमावास्येच्या उधाणाआधी गव्हाणला या, त्या उपटायला हात द्या. आणि परत जाताना त्या तुमच्याबरोबर घेऊन जा.