पात्याआधीची उसंत

आमच्या कागद गिरणीतले ते वायरमन ब्रह्मपुरीकडचे. कटिंग मशीनच्या डाव्या कोपऱ्याशी आले की ते खांदा आखडून वळसा घालायचे, कुणाला धक्का लागू नये तसे. तिथे कुणीच उभं नसायचं. मी कधी विचारलं नाही.

प्रोग्रामेबल कंट्रोलर तेव्हा आमच्याकडे नवाच होता. जुन्या रिलेंचं, टकटकत चालू-बंद होणाऱ्या विजेच्या स्विचांचं, पॅनेल काढून मी तो ड्रॉइंगप्रमाणे बसवला. पण कागदावर दाब आला की पातं पडण्याआधीच मशीन बंद पडायची. तीन दिवस मी प्रोग्राम तपासला.

चौथ्या दिवशी ते शेजारी बसले आणि डोळे मिटून जुन्या रिलेंचा आवाज जिभेनं काढू लागले. टक, टक-टक, टक. दाबापाशी थांबले, एक श्वास घेतला, मग शेवटचं टक.

"पहिले इथी थांबत होती मशीन, साहेब."

"ड्रॉइंगमध्ये तसं नाही."

"कुठून राहीन? तो रिले मीच लावलो होतो."

मी तेवढ्या श्वासाची उसंत प्रोग्राममध्ये घातली. मशीन सुरळीत चालली.

"पण का लावला होता?"

"डाव्या बाजूच्या गड्याले हात काढायले वेळ लागे."

तो गडी याच मशीनवर अपघातात गेला, हे मी ऐकून होतो. म्हटलं, "वेळेवर लावला असता तर वाचला असता."

"तो गेल्यावरच लावलो," ते शांतपणे म्हणाले. "तवाही मशीन अशीच अडून राह्यली होती, रिले लावल्यावरच चालली."

मशीन चालू होती. डावा कोपरा रिकामाच होता. मी वळसा घालून बाहेर आलो.