मी न उघडलेली फाइल

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही — आणि त्याला माझ्या एटीएमचा पिनसुद्धा ठाऊक आहे. आज तुम्हाला सांगते.

मी नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि उत्तम शिकवते. खोटी नम्रता मला जमत नाही. माझं संशोधन रेणूंच्या घडांवर. पाण्याचे, मिथेनॉलचे चार-सहा रेणू एकमेकांना धरून असतात. अशा घडाला एक जादा इलेक्ट्रॉन दिला की त्यावर ऋण भार येतो. तो इलेक्ट्रॉन टिकतो का? टिकला तर कुठे बसतो? हे संगणकावर काढायचं. गंमत अशी की इलेक्ट्रॉनला पसरायला किती जागा द्यायची, हे गणित मांडताना आपणच ठरवायचं असतं. मी थोडीच दिली होती — विभागाचा संगणक तेव्हा त्याहून जास्त पेलत नव्हता. आणि निष्कर्ष छापला: हा घड इलेक्ट्रॉन धरून ठेवत नाही. त्या लेखावर मला मान मिळाला. तो मला आवडला — का आवडू नये?

मग वैशाली आली. पिंपळगाव बसवंतची, माझी पहिली पीएचडीची विद्यार्थिनी. तिने त्याच घडाला भरपूर जागा देऊन गणित पुन्हा मांडलं, विभागात नुकताच आलेला नवा संगणक तीन आठवडे चालू ठेवला, आणि एका सकाळी धावत आली. उत्साहात तिची गावची बोली वर यायची. "मॅडम, इलेक्ट्रॉन पळत नाय! आपण जागाच देत नव्हतो त्याला. द्राक्षावर पांढरी लव असती ना, तसा घडाच्या बाहेरून पसरलाय तो!"

मला काय वाटलं असेल? आनंद? — नाही. मिरची झोंबली. कालची पोर मला शिकवणार? "आधी नीट बोलायला शीक," म्हणाले. तिने पेन ड्राइव्हवर आणलेली फाइल मी तशीच ड्रॉवरमध्ये टाकली.

महिन्याभराने तिच्या कामाचा आढावा होता. बाहेरून आलेल्या सरांनी मला विचारलं — तुम्ही हे आकडे तपासलेत? किती साधा प्रश्न. मी ठाम आवाजात सांगितलं, "तपासलेत. चुकीचे आहेत." माझा आवाज असा, की त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. मॅडमांनीच तपासलंय म्हटल्यावर वैशालीलाही ते खरंच वाटलं. तिची फेलोशिप थांबली. दिवाळीनंतर ती आलीच नाही.

फाइल मी नंतर उघडली. दहा मिनिटं लागली. मग नव्या संगणकावर तेच गणित तीनदा चालवलं — ते चुकावं म्हणून, हेही सांगून टाकते. तिन्ही वेळा तिचंच उत्तर आलं. तिचा फोन नंबर माझ्याकडे होता. तिची नोंदणी अजून रद्द झाली नव्हती. एक फोन पुरला असता — पण मग आढाव्यात मी काय तपासलं होतं, हेही सांगावं लागलं असतं ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप्प बसले. पुढच्या लेखात इलेक्ट्रॉनला भरपूर जागा दिली, आणि शेवटी विभागाच्या संगणकाचे आभार मानले. तिचं नाव घातलं नाही.

गेल्या महिन्यात ती कॉलेज रोडवर भेटली. आता पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी करते. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. वैशाली भर रस्त्यात माझ्या पाया पडली आणि मुलीला म्हणाली, "ह्या माझ्या मॅडम. माझं गणित चुकत होतं, ह्यांनी वेळेवर सांगितलं. नाय तर लय वर्षं वाया गेली असती बघ."

मुलीनेही वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "मोठी हो" म्हणाले.